उताराचा हिशेब

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जालन्याच्या बाजारपेठेत अजूनही वह्यांची पूजा होते. हिशेब बहुतेक संगणकात गेले असले, तरी लाल कापडी पुठ्ठ्याची एखादी वही चौरंगावर मांडल्याशिवाय जुन्या दुकानदाराला चैन पडत नाही. कुंकवाचे स्वस्तिक काढायचे, एका अंगाला 'शुभ' आणि दुसऱ्या अंगाला 'लाभ' लिहायचे, आणि मग डावीकडे जमा, उजवीकडे नावे असा वर्षाचा संसार मांडायचा. 'जालना सोने का पालना' ही म्हण ज्या गावाविषयी रूढ झाली, त्या गावाची वहीवर भक्ती असावी यात नवल नाही. सरकी, कापूस, मोसंबी, बियाणे, लोखंड, साऱ्यांच्या उलाढाली शेवटी वहीच्या पानावरच येऊन विसावतात.

वही मोठी प्रामाणिक असते. परंतु तिची नजर अधू आहे. पैसे मोजून जे घेतले तेवढेच तिला दिसते. छपरावरून पडून गटारात गेलेले पावसाचे पाणी तिला दिसत नाही. चिमणीतून उडून गेलेली उष्णता दिसत नाही. नदीत सोडून दिलेले मळके पाणी दिसत नाही, तलावात साचलेला गाळही दिसत नाही. आणि आपल्या बचतीपायी दुसऱ्याच्या पदरात पडलेला तोटा तर तिला कधीच दिसत नाही.

मी काही इतिहाससंशोधक नव्हे. दिवसा शाळेत मुलांना इतिहास-भूगोल शिकवावा आणि रात्री कादंबरीची पाने खरडावीत, एवढाच माझा व्यवसाय. परंतु इतिहास शिकवताना एक गोष्ट मला वारंवार जाणवत आली आहे. पाठ्यपुस्तक लढाया सांगते, तह सांगते, राज्यारोहणे सांगते. मोठमोठ्या संस्थांनी आपले दाणापाणी, इंधन, दिवाबत्ती कशी भागवली, काटकसर कुठे केली आणि तिची किंमत कोणी दिली, हे मात्र ते क्वचितच सांगते. हल्ली जिकडेतिकडे बोलले जाते की, पर्यावरण सांभाळायचे म्हणजे कारखान्याला, पालिकेला, रेल्वेला खर्चात पडावे लागते. आपल्याच मुलखाचा इतिहास याविषयी काय सांगतो, ते या दिवाळीच्या फुरसतीत वाचकांपुढे ठेवावे असे मनात आले.

आरंभ शेजारच्या शहरापासून करू. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने १६१० साली खडकी गाव वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. नव्या राजधानीला पाणी हवे होते. जवळची खाम नदी बारमाही भरवशाची नव्हती. तेव्हा अंबराने उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी शोधून काढले आणि भुयारी नहरीने ते शहरात आणले. त्या काळी पंप कुठला? सारे काम उतारावर. पाण्याला जिथून निघायचे ते ठिकाण उंच, जिथे पोचायचे ते सखल; मधल्या वाटेवर ठरावीक अंतराने उसासे सोडण्यासाठी उभारलेले बंब. एवढ्या तजविजीवर एक राजधानी पाणी प्यायली. अंबर १६२६ साली वारला; पण ही नहर आणि तिच्यामागून झालेल्या इतर नहरी पुढे शतकानुशतके वाहत राहिल्या.

या नहरींच्या परंपरेतलीच एक म्हणजे पाणचक्कीची. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आजही पाहता येते. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे सारे बांधकाम टप्प्याटप्प्याने उभे राहिले. दर्ग्यात फकीर असत, विद्यार्थी असत, यात्रेकरू येत, वाटसरू येत. एवढ्या पानांना रोज पीठ लागे. आता शंभर माणसांचे दळण म्हणजे काय, हे ज्या घरांत जाते होते त्या घरांतल्या आजीबाईंना विचारावे! पहाटेच्या दळणाने हातांना घट्टे पडत. बैल जुंपावेत तर त्यांना चारा आला, गडी आला. दर्ग्याने निराळीच वाट काढली. कित्येक किलोमीटरांवरून मातीच्या नळांनी पाणी आणले, उंच भिंतीवर चढवले आणि वरून धबधब्यासारखे सोडले. त्या पडत्या पाण्याने खालचे पाते फिरू लागले आणि वरची दगडी चक्की दळू लागली.

गंमत पुढेच आहे. पीठ दळून झालेले ते पाणी फेकून दिले नाही. ते मोठ्या हौदात गेले. हौदाच्या खाली खांबांवर तोललेले एक दालन आहे. माथ्यावर पाणी असल्याने ऐन उन्हाळ्यात तिथे गारवा असतो. पाणी म्हणून जे एकदाच विकत घ्यायचे, आणि खरे तर तेही विकत घेतलेले नाही, त्याच्याकडून या संस्थेने दळण करून घेतले, हौद भरून घेतला आणि गारवाही घेतला. कोणी त्यांना पर्यावरणाचे व्याख्यान दिले नव्हते. आपल्या माथ्यावरून जाणारी ताकद फुकट जाऊ द्यायची नाही, एवढाच त्यांचा व्यवहार होता.

आमचे जालनेही या बाबतीत मागे नव्हते. शहराच्या पश्चिमेला मोती तलाव आहे. जमशेदखान नावाच्या अंमलदाराने तो बांधवला, आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत पाणी खेळवले, असे जुने गॅझेटियर सांगते. काळ्या मशिदीच्या सराईतला हौद त्यांत सर्वांत मोठा. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला कादराबाद, म्हणजे आजचा नवा जालना. पुढे निजामी अमदानीत घाणेवाडीला तलाव झाला. आज त्याला संत गाडगेबाबा जलाशय म्हणतात. तो बांधणाऱ्यांनीही तीच जुनी अक्कल वापरली: तलाव उंचावर, शहर सखलात. नव्या जालन्याला तिथून पाणी येते ते उताराने, विजेचे बटण न दाबता. या तलावाकडे आपण पुन्हा वळणार आहोत. त्याआधी वाचकांना मला मुंबईला न्यायचे आहे. कारण मोठ्या कारखान्यांची खरी कसोटी तिथे लागली.

* * *

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी स्थापन केली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत चिमण्यांचे रानच उठले. प्रत्येक गिरणीचे बॉयलर वेगळे, वाफेचे इंजिन वेगळे, कोळशाचा ढीग वेगळा. मुंबईच्या आसपास कोळशाची खाण नाही. कोळसा आधी विलायतेहून व दक्षिण आफ्रिकेहून बोटीने येई, पुढे बंगालच्या खाणींतून देशाची सारी रुंदी ओलांडून येऊ लागला. एवढ्या दूरवरून आलेल्या कोळशाचे काय होई? त्याच्या उष्णतेच्या दहा भागांतले एक-दोन भाग चात्या आणि माग फिरवण्याच्या कामी लागत. बाकीची उष्णता चिमणीवाटे, गरम पाण्यावाटे आणि पट्ट्या-दोरांच्या घर्षणात जाई.

गिरणगावच्या दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर काजळी बसे, ती या वाया गेलेल्या पैशाचीच पावती होती. काळा धूर म्हणजे पुरता न जळलेला कोळसा. मालकाने पैसे मोजून आणलेला माल आकाशात जात होता, आणि कामगाराच्या छातीत उतरत होता. सरकारने १९१२ साली मुंबईसाठी धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा केला. कायद्याने धुरावर देखरेख ठेवता येते; परंतु धुराचे मूळ उपटायचे तर इंधनच बदलायला हवे होते.

ते कसे बदलावे याची कल्पना आधीच कोणाच्या तरी डोक्यात घोळत होती. डेव्हिड गोस्टलिंग नावाच्या मुंबईतल्या एका स्थापत्यकाराने सह्याद्रीच्या पावसाकडे बोट दाखवले. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाला चार-चार हजार मिलिमीटर आणि त्याहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तिथून अवघ्या काही किलोमीटरांवर कोकणची सपाटी आहे. मधला कडा सरळ तुटलेला. जमशेटजी टाटा यांनी ही कल्पना उचलून धरली. नागपूरच्या एम्प्रेस मिलचे ते संस्थापक. कोळशाचे बिल म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होते. ते १९०४ साली निवर्तले. त्यांचे पुत्र दोराबजी यांनी काम पुढे नेले. १९१० साली कंपनी निघाली, १९११ साली लोणावळ्याला कोनशिला बसली, आणि लोणावळा, वळवण व शिरवता येथे धरणे बांधून चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवण्याची सोय झाली. १९१५ साली खोपोलीचे केंद्र सुरू झाले. सुमारे ५२५ मीटर उंचीवरून लोखंडी नळांतून सुटणारे पाणी चक्रावर आदळू लागले. तिथे तयार झालेली वीज तारांवरून सुमारे ७० किलोमीटर धावून परळला पोचू लागली.

पाणचक्की आणि खोपोली! दोन्हींचे तत्त्व एकच. एकीने पीठ दळले, दुसरीने कापड विणले.

गिरणीमालक प्रथम बिचकत होते. हजारो रुपयांची वाफेची इंजिने चालू अवस्थेत मोडीत कशी काढावीत? तारांतून येणारी वीज ऐन कामात बंद पडली तर काय? ही शंका अगदीच पोकळ नव्हती. परंतु १९१४ साली महायुद्ध पेटले. बोटी युद्धाच्या कामी लागल्या, आगगाडीच्या वाघिणी मिळेनात, कोळशाचे भाव चढले. तेव्हा सह्याद्रीच्या पावसावर चालणारी गिरणी सुखात राहिली आणि बंगालच्या कोळशावर चालणारी चिंतेत पडली. पावसाला कोणी भाडे आकारत नाही आणि वाघिणीही लागत नाहीत. हळूहळू गिरण्या विजेकडे वळल्या. इंजिनघर गेले, कोळशाची वखार गेली आणि तेवढ्या प्रमाणात चिमणीचा धूरही गेला. मालकाला हे पुण्यकर्म म्हणून करावे लागले नाही. वहीतच फायदा दिसला.

हीच वीज रेल्वेने घेतली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला हिंदुस्थानातली पहिली विजेची गाडी धावली. १९२९-३० पर्यंत विजेच्या तारा घाट चढून पुण्याला आणि इगतपुरीला पोचल्या. घाटातल्या मालगाड्यांसाठी जी विजेची इंजिने आणली, त्यांत एक विलक्षण सोय होती. गाडी घाट उतरू लागली की इंजिनाची मोटार उलटे काम करी. चाकांची गती तीच वीज बनवी, आणि ती तारेत परत जाई. म्हणजे उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हात देई! एरवी ती सारी ताकद ब्रेकच्या ठोकळ्यांत उष्णता होऊन जायची, ठोकळे झिजायचे, ते बदलायला पुन्हा पैसे. आज शंभर वर्षांनीही रेल्वेच्या नव्या इंजिनांत आणि गाड्यांत ही युक्ती आहे.

आमच्या जालन्याला रेल्वे आली ती १९००च्या सुमारास, मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी, अरुंद मीटरगेजची. कोळशाचे इंजिन धूर सोडत येई, त्या धुराच्या गोष्टी म्हातारी माणसे अजून सांगतात. पुढे डिझेल आले, रूळ रुंद झाले, आणि आता तारा आल्या. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईला विजेवरची वंदे भारत गाडी सुरू झाली. देशातल्या ब्रॉडगेज मार्गांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक मार्ग आता विजेचे झाले आहेत. रेल्वेने हे केले ते प्रथम डिझेलचे बिल वाचवण्यासाठी. डिझेलचे मूळ असलेले खनिज तेल बहुतांशी परदेशातून येते आणि त्याला परकी चलन मोजावे लागते. धूर कमी झाला, हा लाभ त्याबरोबर आला.

* * *

इथवर वाचून वाचक म्हणतील, मास्तर, सगळेच गोड दिसते. मग कडू काय? दिवाळीच्या अंकात कडू लिहू नये असा संकेत असला, तरी अभ्यंगस्नानाआधी कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावायची आपल्याकडे रीत आहेच. तेव्हा मुळशीची हकीगत सांगणे भाग आहे.

खोपोलीने मुंबईची भूक वाढवली. आणखी गिरण्यांना वीज हवी होती, रेल्वेला हवी होती. तेव्हा पुणे जिल्ह्यात मुळशी खोऱ्यात नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाशी मोठे धरण बांधायचे ठरले. त्या खोऱ्यात पन्नासाच्या आसपास गावे होती, भाताची खाचरे होती, पिढ्यान्पिढ्यांची देवळे होती. मावळ्यांच्या जमिनी सरकारने कायद्याने संपादन करून कंपनीला द्यायच्या होत्या. १९२१ सालच्या रामनवमीला, १६ एप्रिल रोजी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे अध्वर्यू झाले. 'सेनापती' ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. 'जान किंवा जमीन' ही घोषणा झाली. पुरुष धरणाच्या कामावर जाऊन आडवे पडले, बायकाही मागे राहिल्या नाहीत, तुरुंगवास झाले. तीन-साडेतीन वर्षे लढा चालला. शेतकऱ्यांत फूटही पडली. ज्यांच्या जमिनी सावकारांकडे गहाण होत्या, त्यांच्या सावकारांना नुकसानभरपाईचा रोकडा पैसाच बरा वाटत होता. शेवटी धरण झाले. १९२७ साली भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. मुळशीची खाचरे पाण्याखाली गेली.

आता हा हिशेब कसा मांडावा? गिरणीच्या वहीत कोळशाची बचत जमा झाली. मुंबईच्या आकाशात धूर कमी झाला, तोही जमा. मावळातल्या शेतकऱ्याचे घर मात्र कोणाच्याच वहीत नीट चढले नाही. भरपाईचा आकडा चढला. पण आंबेमोहोर पिकवणारी माती, शेजारपाजार, कुलदैवताचा पार यांना आकडा नसतो. मला वाटते, मोठ्या संस्थांच्या काटकसरीची कथा सांगताना हे पान फाडून टाकणे म्हणजे खोटी वही लिहिणे होय. वीज स्वच्छ होती, परंतु तिची किंमत ज्याने मोजली त्याच्या घरी दिवा लागला नाही.

सेनापती बापट १९६७ साली वारले. १९८२च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्याही एकामागून एक बंद पडत गेल्या. ज्यांच्यासाठी खोरे बुडाले त्यांतल्या कित्येक चिमण्या आज उभ्याही नाहीत; पाणी मात्र अजून त्याच जागी आहे. यावरून एवढा बोध घ्यावा की, बचतीची योजना आखताना संस्थेने आपल्या वहीबरोबर शेजाऱ्याची वहीही उघडून पाहावी. ज्या बचतीत आपला खर्च फक्त दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडतो, तिला बचत हे नाव शोभत नाही.

* * *

तोच धडा आपल्या मराठवाड्याने अलीकडे पुन्हा गिरवला. जालन्याला आज लोखंडाच्या सळ्यांचे मोठमोठे कारखाने आहेत. भंगार गोळा करून, विजेच्या भट्टीत वितळवून, त्याच्या सळ्या काढायच्या, असा त्यांचा मुख्य धंदा. मोडकी मोटार, जुने पत्रे, फुटका पंप सारे पुन्हा उपयोगी पडते. खनिजापासून नवे पोलाद काढायला जेवढी ताकद लागते, तिच्या सुमारे एक तृतीयांश ताकदीत भंगारापासून पोलाद होते. हा धंदा मुळातच काटकसरीचा. परंतु भट्टीची वीज येते कुठून? बव्हंशी कोळशावरच्या केंद्रांतून. धूर भट्टीजवळून निघून दूर कुठे तरी गेला एवढेच.

आणि कोळशाच्या केंद्राला कोळशाइतकेच पाणी लागते. वाफ थंड करताना ते आकाशात उडून जाते. बीड जिल्ह्यातल्या परळीला १९७०च्या दशकापासून औष्णिक वीज केंद्र आहे. २०१२-१३च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला. आमचा जालना जिल्हा त्यात सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त भाजला. लोक टँकरची वाट पाहत बसले होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती, पाणी नव्हते. जी वस्तू वहीत कवडीमोल दिसत होती, तिने करोडो रुपयांचे यंत्र थांबवले.

याच प्रश्नाचे उत्तर नागपूरकरांनी निराळ्या रीतीने काढले. नागपूर शहराचे मळके पाणी भांडेवाडीला शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला द्यायचे, असा महापालिकेचा आणि महानिर्मितीचा करार २००८ साली झाला, आणि पुढे दिवसाला १३ कोटी लिटर पाणी शुद्ध करण्याची सोय उभी राहिली. महापालिकेला जे नदीत टाकून द्यायचे होते, त्याचा मोबदला मिळू लागला. वीज केंद्राची धरणातल्या पाण्याची गरज कमी झाली आणि तेवढे पाणी लोकांसाठी राहिले. नदीला कमी घाण पोचू लागली. या हिशेबात कोणाचे खोरे बुडाले नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांना एका युनिटामागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली, आणि जानेवारी २०१६च्या वीज धोरणात पन्नास किलोमीटरांच्या आत सांडपाणी शुद्ध होत असेल तर तेच वापरण्याचे बंधन घातले. नागपूरने ती वाट आधीच धरली होती.

* * *

आता घाणेवाडीला परत येऊ. जालना वाढले, तसे एका तलावाचे पाणी पुरेना. पैठणला गोदावरीवर जायकवाडीचे धरण आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. अलीकडे तिथून नळ टाकून जालन्याला पाणी आणले. ते आणायलाच हवे होते. शहर तहानलेले ठेवून कोणी तत्त्वज्ञान सांगू नये. परंतु पैठण सखल आणि जालना उंच. पाणी चढवावे लागते, आणि पाणी चढवायला वीज लागते.

हे गणित मी सातवीच्या मुलांना घालतो. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. ते शंभर मीटर चढवायला नुसत्या हिशेबाने पाव युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. पंपातली तूट आणि नळातले घर्षण धरले तर ०.४ युनिट धरावी. समजा एखाद्या गावाला रोज एक कोटी लिटर पाणी एवढे चढवायचे आहे. मग रोज ४००० युनिट झाली. सात रुपये दर धरला तर दिवसाचे २८,००० रुपये, आणि वर्षाचे एक कोटीवर. मुले उत्तर काढतात आणि डोळे विस्फारतात. मग मी विचारतो, "यातले चौथाई पाणी वाटेत गळून गेले तर?" एक मुलगी चटकन म्हणाली, "मास्तर, मग पंचवीस लाखांची वीज गळाली!" तिने 'पाणी गळाले' म्हटले नाही, 'वीज गळाली' म्हटले. मोठमोठ्या कार्यालयांत जे कागदांच्या ढिगाखाली दडते, ते तिला एका ओळीत दिसले.

याउलट घाणेवाडीचे पाणी आपल्या पायांनी चालत येते. पण वर्षानुवर्षे तलावात गाळ साठत गेला आणि त्याचे पोट भरत आले. गाळाची नोंद वहीत कशी होणार? जेवढा गाळ साचला तेवढे फुकटचे पाणी गेले, आणि तेवढे विकतचे पाणी चढवावे लागले. पण वहीत केवळ विजेचे बिल दिसते, गाळ दिसत नाही. २०१०च्या पुढच्या दशकात शहरातल्या नागरिकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंच उभा करून लोकवर्गणीतून गाळ काढायला घेतला. काढलेला गाळ आसपासच्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने नेऊन हलक्या रानात पसरला. तलावाला जागा मिळाली, रानाला काळी माती मिळाली. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली, तिचा गाभा हाच: काढण्याची सोय एकाने करायची, वाहून नेण्याचा खर्च दुसऱ्याने सोसायचा आणि फायदा दोघांनी घ्यायचा. नवे धरण बांधले तर जमीन जाते, माणसे उठतात, मुळशी पुन्हा घडते. जुन्या तलावाचा गाळ काढला तर कोणीही उठत नाही.

मग हे सगळीकडे का होत नाही? याचे कारण मला तरी पैशाच्या टंचाईत दिसत नाही. गळका नळ जोडल्याचे उद्घाटन होत नाही. गाळ उपसल्यावर कोनशिला बसत नाही. नव्या योजनेला नाव असते, नारळ असतो, छायाचित्र असते. जुन्या गोष्टीच्या देखभालीला केवळ एखादा इमानी फिटर असतो, आणि तो निवृत्त झाला की नकाशाही त्याच्या डोक्यातूनच जातो. मोती तलावापासून हौदांपर्यंत नळ कुठून कुठे गेले होते, हे आज जालन्यात किती जणांना ठाऊक आहे? ज्यांनी ते घातले ते मूर्ख नव्हते. त्यांच्या मागून आलेल्यांना त्यांची किंमत कळली नाही.

म्हणून कारखाना असो, इस्पितळ असो, विद्यापीठ असो वा नगरपालिका असो, माझी सूचना अगदी शाळामास्तरी आहे. लाल वहीबरोबर आणखी एक वही ठेवावी. तिच्या डाव्या पानावर लिहावे: आपल्याकडे काय येऊन वाया जाते? छपरावरचा पाऊस, भट्टीची उष्णता, दिवसा जळणारे दिवे, गळणारे नळ, भंगार, गाळ. उजव्या पानावर लिहावे: आपण जे वाचवले त्याची झळ कोणाला लागली? पहिले पान भरू लागले की पैसा आपोआप वाचतो, हे दर्ग्याने, गिरण्यांनी आणि रेल्वेने दाखवले आहे. दुसरे पान कोरे ठेवता आले, तर नागपूरचा करार होतो. ते लिहायचेच टाळले, तर मुळशी होते.

यंदा पाऊस चांगला झाला असेल तर घाणेवाडीच्या बांधावर मुलाबाळांना घेऊन जरूर जावे. फराळाचा डबा बरोबर असावा, पण परतताना कागद आणि पिशव्याही बरोबर आणाव्यात. बांधावर उभे राहून शहराकडे तोंड केले की उतार स्पष्ट दिसतो. मुलांना तो दाखवावा आणि सांगावे की, आपल्या वाडवडिलांनी आपल्यासाठी ठेवलेली ही ठेव आहे. तिच्यावर व्याज रोज मिळते, मात्र मुद्दलातला गाळ दरवर्षी आपणच काढायचा असतो.